गाडीखालचा तवा

नातवंडांनो,

तुमचं मागच्या महिन्यातलं पत्र मी दोनदा वाचलं. धाकट्याने लिहिलं आहे की बाबा त्याला भाकरी शिकवतात, आणि ती परातीत न थापता दोन तळव्यांमध्ये फिरवून करतात. बाबांनी त्याला असंही सांगितलं आहे की परदेशात पहिल्यांदा भाड्याची खोली घेतली तेव्हा परात नव्हती, म्हणून ही युक्ती त्यांनी स्वतः शोधली. बाळा, हे खरं नाही. तुझा बाप ती माझ्या घरात, दाराला आतून कडी लावलेली असताना, पाटावर बसून शिकला. त्याला ते आठवत नसेल किंवा सांगायचं नसेल. दोन्ही शक्य आहे. त्याला लहानपणी आम्हीच बजावलं होतं की हे बाहेर बोलायचं नाही.

थोरलीने विचारलं आहे की मी लग्नानंतर शाळेत शिकवत होते तेव्हा घर कोण सांभाळायचं. दोघांच्या प्रश्नांचं उत्तर एकच आहे. ते मी आजवर कुणाला दिलं नाही, कारण मी माझ्या सासूबाईंना, म्हणजे तुमच्या पणजीला, शब्द दिला होता की त्यांची मुलगी जिवंत आहे तोवर बोलणार नाही. माझी ती नणंद गेल्या पौषात गेली. आता शब्द सुटला. शिवाय डोळ्यांचा काही भरवसा राहिलेला नाही, म्हणून लगेच लिहायला बसले.

आधी घर कसं होतं ते सांगते. माझे वडील नंदुरबार स्टेशनवर तिकीटबाबू होते. गाड्यांच्या वेळा सांभाळणारा माणूस, त्यामुळे घरातही सगळं वेळेवर. त्यांनी मला धुळ्याला नातेवाइकांकडे ठेवून इंग्रजी शाळेत घातलं आणि मॅट्रिक होऊ दिलं. मग माझं लग्न शहाद्याच्या बाजूला, तापीकाठच्या एका शेतकरी घरात झालं. तिथे कापूस होता, बैलजोड्या होत्या आणि दिवसभर अहिराणी होती. मी शुद्ध मराठी बोलायचे तेव्हा घरातल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. तुमचे आजोबा शहाद्याच्या कचेरीत कारकून लागले होते, म्हणून वर्षभरात आम्ही दोघं तिथे दोन खोल्या भाड्याने घेऊन राहायला गेलो. ही गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या थोडी आधीची.

शहाद्यात मुलींची शाळा होती. आधीच्या बाई सोडून गेल्या होत्या आणि इंग्रजी येणारी दुसरी बाई गावात नव्हती. आम्ही गाव सोडायच्या आधीच मला बोलावणं आलं. सासरे काहीच बोलले नाहीत. सासूबाईंनी एक अट घातली. सासर सोडताना मला चुलीपाशी उभं करून त्या म्हणाल्या, "शाळामा जाय. पन त्या दिनस्मा चुल्हाले शिवू नको. मन्ही आन शे तुले." महिन्याच्या त्या चार दिवसांत चुलीला हात लावायचा नाही, एवढंच. मी हो म्हटलं.

तुम्हाला हे विचित्र वाटेल, म्हणून नीट सांगते. त्या काळी बाई महिन्याचे चार दिवस बाजूला बसायची. तिचं अंथरूण वेगळं, ताट-तांब्या वेगळा, आणि तिने कुणाला शिवायचं नाही. घरात चार बाया असल्या की कुणीतरी चूल सांभाळायची. आमच्या दोन खोल्यांत मी एकटीच बाई. आधीच्या शिक्षिका ते चार दिवस घरी बसायच्या आणि शाळा बंद राहायची. मुली दर महिन्याला चार दिवस उनाडायच्या. मला ते मान्य नव्हतं. म्हणून मी शाळेत जात राहिले, फक्त कुणाला सांगितलं नाही. आणि घरी चुलीला शिवले नाही, कारण शब्द दिला होता. माझा विटाळावर विश्वास होता का? नव्हता. तरी चुलीपाशी गेले का? नाही. या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या आहेत. मी तुमच्यापुढे मोठी सुधारक म्हणून उभी राहणार नाही.

राहिली चूल. पहिल्याच महिन्यात मी शाळेतून आले तर तुमचे आजोबा धोतर खोचून चुलीपुढे बसलेले आणि दार आतून बंद. त्यांच्यापुढे एक लहानसा, जाड लोखंडी तवा होता. त्याच्या काठाला भोक होतं. काठवट, म्हणजे भाकरी थापायची लाकडी परात, भिंतीला तशीच टेकवलेली. ते पिठाचा गोळा दोन्ही हातांत घेऊन टाळी वाजवल्यासारखा फिरवत होते.

"हे कुठे शिकलात?" मी विचारलं.

"गाडीवानाला कोण करून घालणार?" ते म्हणाले. "कापसाच्या गाड्या घेऊन सरकी काढायच्या जिनात गेलं की नदीकाठी तीन दगड मांडायचे. तिथे काठवट कुठली?"

"आणि हा तवा?"

"घरचाच आहे," एवढंच बोलून त्यांनी भाकरी उलटली.

ते उत्तर मला पुरलं नाही, पण मी पुढे विचारलं नाही. आमच्या भागात पुरुष रांधतात, हे खरं आहे. थंडीत शेतात वांग्याचं भरीत करायचं तर पुरुषच कापसाच्या वाळलेल्या काड्या पेटवून वांगी भाजतात आणि त्याचा अभिमानही मिरवतात. पण ते शेतात, उघड्यावर. तोच माणूस घराच्या उंबऱ्याच्या आत चुलीपुढे बसला तर त्याचं नाव जायचं. तुमच्या आजोबांना कचेरीत रोज दहा जणांना तोंड द्यायचं होतं. म्हणून ती कडी.

आता मोठी चूक माझी. मी शाळेत एक इंग्रजी कॅलेंडर टांगलं होतं, तसंच एक घरी पुढच्या खोलीत टांगलं. त्यावर त्या दिवसांना मी पेन्सिलीने बारीक ठिपका द्यायचे. सवयच होती, सगळ्याची नोंद हवी. आमची घरमालकीण शेजारच्याच घरात राहायची. तिला अक्षर येत नव्हतं. ती रोज विरजण मागायला यायची आणि भिंतीकडे बघत उभी राहायची. मला वाटायचं, हिला यातलं काय कळणार. हा माझ्या मॅट्रिकचा माज होता. ज्या बाईला वाचता येत नाही तिला ठिपके मोजता येत नाहीत असं मी धरून चालले होते.

थंडी सुरू झाली तेव्हा शाळेत दोन मुली यायच्या बंद झाल्या. मी एकीच्या घरी गेले. तिच्या आईने मला ओट्यावरच उभं ठेवलं आणि तांब्याभर पाणीसुद्धा विचारलं नाही.

"ताप शे पोरले," ती म्हणाली. मागून पोर डोकावून हसत होती. तिला काही ताप नव्हता.

दुसरीची आजी जास्त सरळ होती. "मास्तरीनबाई, तुम्ही पाळतस का नही पाळतस, तेच समजत नही आमले. पाळतस तर मंग घरमा रांधस कोन? आन नही पाळतस तर आमनी पोर तुमना जोडे कशी धाडवो?"

तुमच्याजवळ पोर कशी धाडू, या तिच्या प्रश्नावर मी तशीच परत फिरले. पाळते म्हणावं तर नवरा रांधतो हे उघड होतं. पाळत नाही म्हणावं तर शाळा जाते. गप्प राहावं तर दोन्ही खरं ठरतं. शाळेच्या कमिटीतले एक गृहस्थ मला भेटून हळूच म्हणाले, "बाई, आणखी दोनचार मुली गेल्या तर शाळा ठेवायची कशाला, असं वर विचारतील." त्या दिवशी घरी येऊन मी इंग्रजीत राजीनामा लिहिला, घडी घातली आणि माझ्या पेटीत साड्यांच्या खाली ठेवला. तुमच्या आजोबांना दाखवला नाही.

माझा संशय घरमालकिणीवर होता. तिचे डोळे, तिचं विरजण, तिचं भिंतीकडे बघणं. मी तिला विरजण द्यायचं बंद केलं.

सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा आली. गावातली निम्मी माणसं तिकडे. कचेरीत काम चालू होतं आणि शाळाही चालू होती. माझा दुसरा दिवस होता. सकाळी तुमच्या आजोबांनी भाकऱ्या करून टोपलीत झाकून ठेवल्या होत्या आणि मागच्या पडवीत माझी घोंगडी तशीच पसरलेली होती. दुपारी शाळा सुटल्यावर मी घरी आले तर दाराचं कुलूप उघडं आणि आत माझ्या सासूबाई. तांब्याभर पाणी पिऊन चुलीपाशी बसलेल्या. गडी गाडीचे बैल सोडत होता. आम्ही कुलपाची एक किल्ली त्यांना दिलेली होती, ती मी विसरूनच गेले होते.

त्यांच्या मांडीवर टोपली होती आणि एक भाकरी अर्धी खाल्लेली.

"बठ," त्या म्हणाल्या.

मी उंबऱ्याबाहेरच बसले. त्यांनी ते पाहिलं. घोंगडीही त्यांनी पाहिलेली होती, हे मला त्यांच्या नजरेवरून कळलं.

"हाई भाकर कोनी करी?"

मी क्षणभर हिशोब केला. 'मी केली' म्हणाले तर घातलेली आण मोडली असं होणार. 'त्यांनी केली' म्हणाले तर सासूबाईंच्या मुलाचं नाव गेलं.

"मी केली, आत्याबाई."

"तू?"

"हो."

त्यांनी भाकरी उजेडात धरली, काठावरून बोट फिरवलं आणि आणखी एक तुकडा मोडून तोंडात घातला. माझ्या डोळ्यांदेखत. मी केलेली असती तर त्यांनी ती थुंकली असती.

"खोटं नको बोलू, बाई. हाई भाकर काठवटवरनी नही शे. बोटना एक ठसा नही हिले. हाई हातवरनी शे." मग त्यांनी मागे हात घालून तवा पुढे ओढला आणि दाणकन जमिनीवर ठेवला. "आन हाऊ तवा आठे काय करी ऱ्हायना? गाडीना तवा चुल्हावर?"

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. हातात वह्यांचा गठ्ठा होता.

"आन ह्या दिनस्मा तू शाळामा बी जास?"

"जाते."

"पोऱ्हीस्ले शिवस?"

"पाटीवरून हात फिरवावा लागतो."

त्यांनी टोपली झाकून बाजूला ठेवली. ओरडल्या असत्या तर मला पुढचं काय ते कळलं असतं.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी तुमचे आजोबा आले. टोपी काढता काढता त्यांनी आईला पाहिलं आणि कधी आलीस म्हणून विचारलं.

"माय, तू कव्हय उनी?"

"मी दुपारले उनू. आते तू सांग, हाऊ तवा कव्हय उना?"

ते टोपी हातात घेऊन तसेच उभे राहिले. एवढा कचेरीतला माणूस, पण त्या वेळी त्यांचा चेहरा परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखा झाला होता. मला हसू आलं असतं, पण पेटीतला तो राजीनामा आठवला.

"मी चार दिन ऱ्हास आठे," सासूबाई म्हणाल्या आणि पीठ काठवटीत ओतलं.

पुढचे दोन दिवस मी त्यांच्यावर नजर ठेवून होते आणि त्या माझ्यावर. मी शाळेत गेले. त्यांनी अडवलं नाही. परत आले की त्या मला मागच्या दाराने आणून अंगावरून पाणी घ्यायला लावायच्या. मी ठरवून टाकलं होतं की घरमालकिणीनेच त्यांना निरोप धाडून बोलावलं असणार, आणि त्या परत गेल्या की सासऱ्यांचा निरोप येणार, 'दोघं गावी या.' मी शाळेच्या कपाटाची यादी करून ठेवली. किती पाट्या, किती पुस्तकं, कोणती फाटकी. पुढच्या बाईला गोंधळ नको म्हणून.

माझ्या चौथ्या दिवशी सकाळीच डोक्यावरून पाणी घेऊन मी शुद्ध झाले होते. दुपारी घरमालकीण आणखी दोघींना घेऊन आली. हातात विरजणाचं भांडं होतं, पण भांडं कोरडं होतं. विरजण न्यायला कुणी तिघी येत नाहीत. सासूबाई उंबऱ्यात बसून तुरीच्या डाळीतले खडे निवडत होत्या. त्या उठल्या नाहीत की सरकल्या नाहीत. तिघींना ओट्यावरच उभं राहावं लागलं.

"बाई, कव्हय उन्यात?" घरमालकिणीने विचारलं.

"व्हयनात चार दिन." खरे झाले होते दोनच.

"चांगलं करं. तुमनी बहूना हाल देखवत नव्हतात. शाळा करस, घर करस." मग जरा थांबून, "ती बठस कव्हय, तेच आमले समजत नही."

"तुमले काबरं समजाले जोयजे?"

एकीने खोकल्याचं निमित्त केलं. घरमालकीण मात्र मागे हटणारी नव्हती. "परवदिन पडवीमा घोंगडी पडेल व्हती. आन मास्तरीनबाई शाळामा. म्हनीसन इचारं."

सासूबाईंनी एक खडा उचलला आणि अंगणात भिरकावला.

"घोंगडी मन्ही शे. रातले चुल्हापाशी धूर लागस, मी पडवीमा झोपस. म्हतारीनी घोंगडी बी मोजतस का तुमना गावमा?"

त्या दोघी हसल्या. घरमालकीण हसली नाही. तिने भिंतीकडे बोट केलं. "आन ते ठिपका? दर महिनाले चार-चार."

मी आत उभी होते. हातातली वाटी मी खाली ठेवली.

सासूबाईंनी मान वळवून कॅलेंडरकडे पाहिलं, डोळे बारीक केले. "ठिपका शे का ते? माले वाटनं माशी बठेल शे."

आता त्या दोघी मोठ्याने हसल्या. सासूबाई म्हणाल्या, "आयका. मन्ही बहू बठस. मी येस तव्हय बठस, आन मी रांधस. दर महिनाले येस मी. आते या बठा, डाळ निवाडा. तीन जनी उभ्याच, जशा काही जप्ती लयीसन उन्यात."

त्या गेल्या. विरजण न्यायचं राहिलंच.

मी बाहेर येऊन म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही तर वर्षात पहिल्यांदा आलात."

"मंग आते येसू दर महिनाले," त्या म्हणाल्या. "कॅलेंडर काढ ते पहिलं."

मी ते काढलं. मग त्यांच्यासमोर डाळ घेऊन बसले आणि धीर करून विचारलं की त्यांना इकडे कुणी बोलावलं होतं. घरमालकिणीचं नाव घेण्याची मी वाट बघत होते.

कुणीच बोलावलं नव्हतं. कापूस जिनात न्यायचे दिवस आले म्हणून त्या गाड्या तयार करवत होत्या. गाडीखाली, दोन चाकांच्या मध्ये, दोरीने तवा बांधलेला असायचा. तो नव्हता. त्यांनी सासऱ्यांना विचारलं. सासरे म्हणाले, हरवला.

"जो मानूस तवा बांधाले कव्हय भुलना नही," सासूबाई म्हणाल्या, "त्याना तवा हरवस? मी तव्हयच समजी गयी. त्यानी पोरले दिन्हा."

म्हणजे तवा माझ्या सासऱ्यांनी दिला होता. आमच्या सामानात, गोधड्यांच्या घडीत, न बोलता. ते माझ्या लग्नानंतर माझ्याशी दहा वाक्यंही बोलले नसतील. आणि मी ज्या शेजारणीचं विरजण महिनाभर बंद केलं होतं, तिच्यावर निरोप धाडल्याचाही आळ घेतला होता. ती संशयी होती, यात शंका नाही. पण त्या बाबतीत गुन्हेगार नव्हती. ते मी तिला कधी सांगितलं नाही. विरजण पुन्हा द्यायला लागले, एवढंच.

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. मधेमधे खडे वेचत, माझ्याकडे न बघता. पहिल्या मोठ्या लढाईच्याही आधीचं. तुमचे आजोबा तेव्हा पाच-सहा वर्षांचे होते. गाडी उलटून सासऱ्यांच्या मांडीचं हाड मोडलं. घर कापसाने भरलेलं होतं, पडून राहिला असता तर पिवळा पडला असता, आणि दीर-जावा कुणी नाहीत. फक्त एक म्हातारी सासू.

"मंग मीच गाडी जुपी," त्या म्हणाल्या. "पागोटं बांधं त्यानं मन्हा डोकाले, गोणीवर बठनू. नदीना रेतीमा बैल उभा ऱ्हायना तव्हय उतरीसनी चाकले हात दिन्हा. तीन खेपा कऱ्यात नंदुरबारले."

"आणि घरात?"

"घरमा तो. खाटवरनं उठता ये ना, पन हात तर चालतस. आंडोरले जोडे लयीसनी हातवर भाकरी करे." आंडोर म्हणजे मुलगा, तुमचे आजोबा; त्यांना जवळ घेऊन.

चौथी खेप झाली नाही. त्यांच्या सासूने मुलाला भाकरी करताना पाहिलं आणि गल्लीत जाऊन सांगितलं. आपल्याच मुलाची चहाडी. सुनेने त्याच्यावर काही करणी केली आहे, असा तिचा संशय होता. सासरे काठी टेकत चावडीवर जाऊ लागले तेव्हा माणसं त्यांना विचारायची, "काय, आज कोनती भाजी रांधी?" सहा महिने ते चावडीवर गेले नाहीत. आणि सासूबाईंच्या हातात पुन्हा कासरा आला नाही.

"मन्ही पोऱ्हीले सांगू नको," त्या शेवटी म्हणाल्या. "तिन्हा सासरले समजी जाई. तिन्हा बापनं नाव पुन्हा निंघी."

मी शब्द दिला. त्याच दुपारी पेटीतला राजीनामा चुलीत घातला. सासूबाईंनी विचारलं, काय शे ते? मी म्हटलं, शाळेचा जुना कागद.

त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं ते मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलं नाही. सासूबाई दर महिन्याला शनिवारी गाडीने यायच्या. माझ्या खऱ्या दिवसांशी त्यांच्या येण्याचा काही संबंध नसायचा. त्या आल्या की मी घोंगडी घेऊन मागच्या पडवीत सगळ्या गल्लीला दिसेल अशी बसायची. रविवारी सुट्टीच होती, सोमवारी मी एक दिवस रजा घ्यायची. सासूबाई स्वयंपाक करायच्या आणि घरमालकिणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मला ओरडायच्या, "सरक तिकडे! हांड्याले शिवू नको!" त्यांना त्यात मजा यायची, हे मला नंतर कळलं. मंगळवारी मी न्हाऊन शाळेत आणि त्या गाडीत. माझे खरे दिवस कुणालाही न कळता येऊन जायचे. तेव्हा दाराला कडी, तुमचे आजोबा चुलीपुढे, आणि पुढे काही वर्षांनी त्यांच्या शेजारी पाटावर तुमचा बाप, हातात सुपारीएवढा गोळा घेऊन.

दोन मुली परत आल्या. शाळा चालली.

पण मी तुम्हाला हे सासू-सुनेच्या मायेची गोष्ट म्हणून सांगत नाही. माझं त्या दिवसांत शाळेत जाणं त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. शाळेतून आलेल्या मला त्या आधी पाणी घ्यायला लावायच्या, मग ते खरे दिवस असोत की नसोत, कारण माझं काय खरं ते त्यांना सांगता येत नव्हतं. आणि मीही त्यांच्यावर पुरता विश्वास कधी टाकला नाही. त्या आल्या की मी माझी पेटी कुलपात ठेवायची. त्यांनी उंबऱ्यात बसून खोटं सांगितलं ते माझ्या शाळेसाठी नव्हतं, त्यांच्या मुलाला चावडीवर कुणी काही विचारू नये म्हणून होतं. असंच मला बरीच वर्षं वाटलं. आजही निम्मं वाटतं.

निम्मं, कारण एकदा उन्हाळ्यात मला शाळा लवकर सोडावी लागली आणि मी त्यांना आणायला गावाबाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिले. लांबून गाडी येताना दिसली. गडी मागे पाय सोडून बसला होता आणि विडी ओढत होता. पुढे जुवाजवळ कासरा हातात धरून सासूबाई. डोक्यावरचा पदर खांद्यावर पडलेला, आणि बैलांशी बोलणं चाललेलं. मी त्यांना कधी तसं बोलताना ऐकलं नव्हतं. आंब्यापाशी त्यांची नजर माझ्यावर गेली. त्यांनी गाडी थांबवली, कासरा गड्याला दिला, पदर सारखा केला आणि मागे जाऊन बसल्या.

मी गाडीत चढले. "आत्याबाई, ऊन फार आहे," एवढंच म्हटलं.

"हाँ," त्या म्हणाल्या. "बैल तापना."

पुढच्या महिन्यात त्या शुक्रवारीच आल्या. मला वाटतं, कासरा हातात घ्यायला त्यांना शनिवारपर्यंत दम निघाला नाही.

सासरे गेले, मग सासूबाई गेल्या. शाळेला पुढे तीन बाया मिळाल्या आणि त्यांपैकी एकीनेही चार दिवस शाळा बंद ठेवली नाही. त्यांच्या घरी कोण रांधायचं, हे मी विचारलं नाही. तुमचे आजोबा निवृत्त झाल्यावरही स्वयंपाक करताना दाराला कडी लावायचे. मी एकदा म्हटलं, आता कोण येणार आहे बघायला? ते म्हणाले, "राहू दे." कडी लावूनच करत राहिले.

तेव्हा धाकट्या, तुझ्या बापाला सांग की त्याने युक्ती शोधली नाही. आणि थोरले, घर कोण सांभाळायचं ते तुला कळलं असेल. तुम्हा दोघांना एक विचारते. तिकडे भाकरी करताना तुमचा बाप दार लावून घेतो का? खरं सांगा.

माझ्या शिल्लक असलेल्या सामानाची यादी मी वेगळी करून ठेवली आहे. त्यात कॅलेंडर नाही, राजीनामा नाही, घोंगडी कसरीने खाल्ली. गाडीही मोडून तिचं लाकूड सरपणात गेलं. तवा आहे. तो माझ्या चुलीमागच्या खुंटीला, काठाच्या त्याच भोकात ओवलेल्या दोरीने टांगलेला आहे. दोरी मी दोनदा बदलली. भाकरी त्याला अजून चिकटत नाही.